आडवी झालेली बोट पुन्हा उभी कशी राहते?

शिडाची बोट आयएनएसव्ही तारिणी २९ मे २०२५ रोजी पृथ्वीला वळसा घालून गोव्यात परतली. बोटीवर नौदलाच्या दोनच अधिकारी होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. आठ महिन्यांत त्यांनी पंचवीस हजारांहून जास्त सागरी मैल कापले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून तिन्ही सैन्यदलांतल्या महिला अधिकाऱ्यांना घेऊन त्रिवेणी निघाली, नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांचं. फोटो छापून आले, कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण बातमी वाचणाऱ्याच्या मनात येणारे साधे प्रश्न तसेच राहिले. एवढीशी बोट उलटत कशी नाही? इंजिन असतं की नाही? आणि विमानाने दहा-बारा तासांत होणाऱ्या गोवा ते ऑस्ट्रेलिया प्रवासाला सव्वा महिना का लागतो?

या सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. महासागर ओलांडणारी बोट आखणारा माणूस ‘उलटणार नाही ना?’ असं विचारत नाही. उलटली तर पुढे काय, असं विचारतो. बोटीचा आकार, वजन, वेग, अगदी स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीसुद्धा या प्रश्नातून ठरत जाते.

किनाऱ्याची बोट आणि महासागराची बोट

मुंबई बंदरात रविवारी शिडाच्या छोट्या बोटी फिरताना दिसतात. पावसाळा आला की त्या पाण्याबाहेर काढून ठेवतात. किनाऱ्यालगतच्या बोटीला ही सोय असते: हवा बिघडतेय असं दिसलं, तर बंदर गाठायचं. तारिणी गोव्याहून ऑस्ट्रेलियातल्या फ्रिमँटलला गेली तो टप्पा सुमारे ४,९०० सागरी मैलांचा होता. हवामानाच्या अंदाजावर फार तर चार-पाच दिवस भरवसा ठेवता येतो. म्हणजे समोर येईल ती हवा सोसायची, पळवाट नाही.

इथे दोन मापं सांगून ठेवतो. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींना ए, बी, सी, डी अशा श्रेणी असतात. ए श्रेणी म्हणजे चार मीटरच्या वरच्या लाटा आणि ४० नॉटच्या वरचा वारा सोसू शकेल अशी बोट. विक्रेते या ‘ए’ अक्षराचा फार गाजावाजा करतात. प्रत्यक्षात ती पास होण्यापुरती किमान पातळी आहे. बोट त्या हवेत किती त्रास देईल, तिच्यावर झोप लागेल का, दोन दमलेली माणसं तिला आवरू शकतील का, यातलं काहीच ते अक्षर सांगत नाही.

तोल दोन गोष्टींनी राहतो

बोटीला सरळ ठेवणाऱ्या गोष्टी दोन. पहिली रुंदी. रुंद बोट वाऱ्याने एका बाजूला कलली की त्या बाजूचं पोट जास्त पाण्यात जातं आणि पाणी तिथून तिला वर रेटतं. कोकणातल्या होडीला बाजूला बांधलेली उलांडी हेच काम करते. होडी अरुंद ठेवून रुंदीचा फायदा घेण्याची ती युक्ती आहे. दुसरी गोष्ट नीरम, म्हणजे तळात घातलेलं वजन. जुन्या गलबतांत त्यासाठी दगड भरत. आजच्या बोटीच्या तळाखाली एक खोल पातं उतरलेलं असतं, त्याला कील म्हणतात, आणि शिसं किंवा लोखंड त्यातच असतं. बोटीच्या एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वजन या कीलमध्ये असू शकतं.

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी कामाला येतात. दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर लावावा लागतो, कडीजवळ ढकललं तर बोटाने उघडतं, कारण टेकूपासूनचं अंतर वाढतं. बोट थोडी कलली असताना रुंदीचं अंतर मोठं असतं, म्हणून रुंद बोट सुरुवातीला अगदी ठाम वाटते. कीलचं वजन तेव्हा जवळपास सरळ खालीच लोंबत असतं, त्याचा उपयोग कमी. बोट जसजशी आडवी होते तसतशी रुंदीची मदत आटत जाते आणि कीलचं वजन बाजूला सरकून अंतर मिळवतं. डोलकाठी पाण्याला टेकते तेव्हा, म्हणजे ९० अंशांवर, बोटीला उठवायला मुख्यतः कीलच उरतो.

आणि त्याच्याही पुढे गेली तर? प्रत्येक बोटीचा एक कोन ठरलेला असतो. त्याच्या अलीकडे ती स्वतःहून सरळ होते, पलीकडे गेली की पूर्ण पालथी होते. त्याला आपण ‘उलटण्याचा कोन’ म्हणू. अरुंद, खोल आणि तळाला जड असलेल्या बोटीत तो १२० ते १४० अंशांपर्यंत जातो, म्हणजे डोलकाठीचं टोक पाण्याखाली खोल गेलं तरी बोट परत येते. ए श्रेणीच्या नियमात हा किमान कोन बोटीच्या वजनावर ठरतो: दहा टनांच्या बोटीला किमान ११० अंश लागतात, पंधरा टनांच्या वर १०० पुरतात.

पूर्ण पालथी झालेली बोट किती वेळ तशी राहील, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. रुंद, सपाट डेकची बोट पालथीसुद्धा ठामच असते. रुंदी पक्षपात करत नाही. सरळ असताना जितकी मदत करते, तितकीच उलटी असताना बोटीला उलटी धरून ठेवते. अरुंद बोट मात्र पालथ्या अवस्थेत अस्थिर असते आणि पुढच्या लाटेने सहसा सरळ होते.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं

हे सगळं बोटी आखणाऱ्यांना कागदावर ठाऊक होतं. पटलं ते फास्टनेट शर्यतीनंतर. इंग्लंडच्या वाइट बेटाहून निघून आयर्लंडच्या टोकाजवळचा फास्टनेट नावाचा खडक वळसून परत यायचं, अशी ती शर्यत. १९७९ साली ३०३ बोटी निघाल्या, वाटेत वादळाने गाठलं, आणि १५ स्पर्धक दगावले. शर्यत पूर्ण करणाऱ्या बोटी ८५ च्या आसपास. चोवीस बोटी माणसांनी सोडून दिल्या, त्यातल्या पाच बुडाल्या. उरलेल्या १९ नंतर तरंगतच सापडल्या. सागरी प्रवासाच्या शिक्षणात हा आकडा आजही सांगतात: शेवटची पायरी पाण्याखाली जाईपर्यंत बोट सोडू नका.

त्या काळच्या शर्यतींचे नियम रुंद आणि हलक्या बोटींना झुकतं माप देत. वादळानंतर साउदॅम्प्टन विद्यापीठात छोट्या प्रतिकृती टाकीत सोडून तपासणी झाली. फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के उंच असेल आणि बाजूने आदळली, तर काही बोटी आडव्याच्याही पलीकडे जातात. ६० टक्के उंचीला जवळपास कुठलीच टिकत नाही. बारा मीटरच्या बोटीसाठी हे आकडे ३.६ आणि ७.२ मीटर. दक्षिण महासागरात सात मीटरची लाट म्हणजे नवल नाही.

पण अट दुहेरी आहे: लाट फुटणारी हवी आणि बाजूने यायला हवी. नुसती उंच लाट बोटीला वर उचलते आणि खाली ठेवते. म्हणून वादळात सगळा खटाटोप बोटीची बाजू लाटेला न देण्याचा असतो. एकट्याने, न थांबता पृथ्वीला वळसा घालणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आपल्या सुहैली या बोटीवर मागच्या बाजूने लांब दोर पाण्यात सोडून ठेवत, म्हणजे बोटीचा वेग कमी होई आणि तिची पाठ लाटेकडे राही.

त्यानंतर एक सोपं गणितही रूढ झालं. बोटीची रुंदी फुटांत घ्यायची, वजन पौंडांत घेऊन त्याला ६४ ने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि रुंदीला त्याने भागायचं. उत्तर दोनपेक्षा कमी आलं तर बोट महासागराला चालेल. गंमत म्हणजे या गणितात वजन कुठे आहे हे विचारलेलंच नाही. सगळं शिसं डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर तेच येईल! त्यामुळे चाळणी म्हणून ठीक, त्यापुढे फार विश्वास ठेवू नये.

डोलकाठी मोडली तर बोट हलकी होऊन सुरक्षित होत नाही का?

वाटतं खरं तसं. वरचं वजन गेलं, म्हणजे तोल सुधारला. शांत पाण्यात हे बरोबरही आहे. फुटणाऱ्या लाटेचा तडाखा मात्र क्षणाचा असतो, आणि उंच डोलकाठीला त्या क्षणात फिरवायला बराच जोर लागतो. लाटेचा बराचसा धक्का तिथे खर्च होतो. डोलकाठी गेली की बोट पटकन लोळते, पुन्हा पुन्हा लोळते. शिवाय मोडलेली काठी तारांना लटकून बोटीच्या अंगावर आदळत राहते. म्हणून लांबच्या प्रवासाला जाड तारा कापायची कात्री सोबत नेतात, आणि ती अशा जागी ठेवतात की अंधारात चाचपडून हाती येईल.

बोट लोळते तेव्हा आत काय होतं, ही गोष्ट आराखड्यात दिसत नाही. सुहैली १९६८ च्या सप्टेंबरात दक्षिण महासागरात आडवी पडली तेव्हा तिच्या केबिनचे सांधे हलले आणि पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या. पुढचे कित्येक महिने नॉक्स-जॉन्स्टन यांनी पावसाच्या पाण्यावर काढले. फास्टनेटमध्ये केबिनच्या दाराच्या फळ्या निसटून पाणी आत गेल्याची उदाहरणं होती. म्हणून बॅटऱ्या पट्ट्यांनी जखडायच्या, दाराच्या फळ्यांना आतून-बाहेरून लागणारी कडी हवी, खिडक्या लहान हव्यात. बोटीच्या प्रदर्शनात भल्यामोठ्या काचा बघून लोक हरखतात. मला त्या काचा बघितल्या की त्यांवर आदळणाऱ्या लाटेचं टनभर हिरवं पाणी आठवतं.

एवढी हळू का?

गोवा ते फ्रिमँटल टप्प्यात तारिणीची सरासरी पाच नॉटच्या थोडी वर पडते. सायकलवाला तिला मागे टाकेल. कारण पाण्यातच आहे. बोट पुढे जाताना नाकाशी एक लाट उठवते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते, आणि एका वेगाला लाटेची लांबी बोटीच्या पाण्यालगतच्या लांबीएवढी होते. त्यापुढे जायचं तर बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं. जड बोटीला ते झेपत नाही.

ही मर्यादा काढायचं सूत्र सोपं आहे: पाण्यालगतच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ, गुणिले १.३४. २८ फुटांना सुमारे ७ नॉट, ४९ फुटांना ९.४. ही कमाल झाली; सरासरी तिच्या दोन-तृतीयांशापर्यंत पोचली तरी खूप. सुहैलीची पाण्यालगतची लांबी २८ फूट. मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधलेली ही बोट १९६८-६९ मध्ये ३१२ दिवस कुठेही न थांबता फिरली, तेव्हा तिची सरासरी ४ नॉट पडली. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ५६ फुटी म्हादेई घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकट्याने, न थांबता, १५१ दिवसांत सुमारे २३ हजार सागरी मैल फिरले. सरासरी साडेसहाच्या जरा खाली. लांबी म्हणजे वेग, हे एवढ्यासाठी.

मग फ्रान्सच्या व्हेंदे ग्लोब या एकट्याने जगाला वळसा घालायच्या शर्यतीत चार्ली दालँ ६४ दिवसांत कसे परतले? त्यांची बोट ६० फुटी, म्हणजे तारिणीपेक्षा किंचितच मोठी. पण ती कार्बनची आहे आणि वजनाला नऊ टनांच्या आसपास. तारिणी २३ टन. शिवाय तिला पाण्याखाली पंख आहेत, त्यांवर ती अर्धी उचलली जाते आणि लाटेच्या त्या बेडीतून सुटते. किंमत कशात मोजायची? तिच्या पोटात उभं राहणं कठीण, आवाज कानठळ्या बसवणारा, जेवण पाकिटातलं. तसल्या बोटीवर दोन माणसांनी आठ महिन्यांचा संसार थाटायचा म्हटलं तर तिचं हलकेपणच संपेल. दोन माणसांना रोजचं चार-चार लिटर पाणी धरलं तर चाळीस दिवसांचं ३२० किलो फक्त पाणीच होतं. त्यावर धान्य, गॅस, सुटे भाग, जास्तीची शिडं, नांगर, साखळी. हलक्या बोटीवर हा भार पडला की ती जड बोटीइतकी हळू होते आणि जड बोटीची शांत चाल मात्र तिला येत नाही. जड बोट लाटेवर सावकाश डुलते, हलकी झटके देते. तीन आठवडे झटके खाल्लेला माणूस चुका करू लागतो. म्हणून मी वजनाला सुरक्षिततेच्या खात्यात धरतो.

इंजिन लावून का जात नाहीत?

इंजिन असतं. बंदरात शिरायला आणि वारा पडला तर थोडं पुढे सरकायला. एका मध्यम बोटीत ४०० लिटर डिझेल बसलं, तासाला चार लिटर जळलं आणि वेग सहा नॉट धरला, तर हिशेब ६०० मैलांवर संपतो. फ्रिमँटल अजून ४,३०० मैल लांब. वारा फुकट आहे आणि साठवावा लागत नाही.

वाऱ्याचा एक गुण मात्र विसरून चालत नाही: त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा नॉटचा वीस झाला की शिडावरचा दाब चौपट. म्हणून भर वाऱ्यात शीड आखडणं, म्हणजे त्याचा काही भाग दुमडून बांधणं, हे महासागरी प्रवासाचं रोजचं काम असतं, आणि ते रात्री दोन वाजता एकट्याने करता यायला हवं. सुहैलीला दोन डोलकाठ्या होत्या त्या यासाठीच: चार छोटी शिडं एका माणसाला आवरतात, एक अवाढव्य शीड आवरत नाही. तारिणीला एकच, २५ मीटरची डोलकाठी आहे. तिच्यावर दोघींनी ५० नॉटपर्यंतच्या वाऱ्यात काम केलं, हे वाचताना त्या डोलकाठीची उंची आठ मजल्यांएवढी आहे हे लक्षात ठेवावं.

दोन सांगाडे असलेली कॅटमरान जास्त सुरक्षित नाही का?

ती कलत नाही, चहाचा कप सांडत नाही, आत जागा भरपूर. तिला जड कील लागत नाही, त्यामुळे फुटली तरी बऱ्याचदा तरंगते. अनेक कुटुंबं तिच्यातून जगभर फिरतात. पण तिचा सगळा तोल रुंदीचा आहे, आणि वर पाहिलं तसं रुंदी उलट्या बाजूनेही तितकीच ठाम असते. कॅटमरान पालथी झाली की पालथीच. गरम पट्ट्यातल्या, पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्यांत मी तिला नावं ठेवणार नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला जायचं असेल, तर मला तळाखाली शिसं लागेल.

कील आहे म्हणजे भागलं, असंही नाही. २०१४ च्या मे महिन्यात चीकी रफिकी नावाची बोट अटलांटिकमध्ये कील निखळल्याने उलटली आणि चार खलाशी गेले. पातळ, खोल कील बोल्टांनी जोडलेला असतो. एखादी जुनी आपटणी त्या जोडाला आतून ढिला करू शकते. जुन्या पद्धतीचा लांब कील बोटीच्या अंगातूनच निघतो आणि सुकाणू त्याच्या मागच्या कडेला सुरक्षित राहतं. तो हळू असतो, बंदरात मागे घेताना बोट कुणाचं ऐकत नाही. तरीही गोल्डन ग्लोब या जुन्या पद्धतीच्या बोटींनी एकट्याने जगाला वळसा घालायच्या शर्यतीच्या नियमात लांब कीलच लागतो.

सॅटेलाइट फोन असताना एवढी काळजी कशाला?

गोल्डन ग्लोबच्या २०१८ च्या फेरीत टॉमी थुरियावर होते. ही सुहैलीची प्रतिकृती, तीही गोव्यातच बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट लोळवली, डोलकाठी मोडली, आणि पाठीला एवढी दुखापत झाली की त्यांना उठता येईना. संदेश लगेच पोचला. विमानांनी बोट शोधली. तरी फ्रान्सचं ओसिरिस हे मासेमारी गस्तीचं जहाज तिथे पोचलं ते २४ तारखेला. मधले तीन दिवस मोडक्या थुरियाने त्यांना तरंगत ठेवलं.

आणि बहुतेक संकटं इतकी मोठी नसतात. २०१८ साली तारिणीच्या पहिल्या परिक्रमेच्या शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा ती मॉरिशसच्या पोर्ट लुईला नेऊन दुरुस्त करावी लागली. सुहैलीची वाऱ्यावर चालणारी आपोआप सुकाणू धरायची यंत्रणा ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमची मोडली. पुढे शिडांचा तोल असा साधायचा की बोट स्वतःच दिशा धरील, एवढाच मार्ग राहिला. लांब कीलच्या बोटीला ते जमतं. २०२२ च्या गोल्डन ग्लोबमध्ये टॉमी ३६ फुटी बायानात घेऊन पुन्हा उतरले. तिचीही ती यंत्रणा वारंवार मोडली, आणि नवी पाती करायला त्यांनी बोटीच्या संडासाचं दार कापलं. त्या फेरीत सोळा जण निघाले होते. कुठेही न थांबता मूळ नियमांप्रमाणे तिघेच पोचले. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर पहिल्या, टॉमी दुसरे.